पुराव्याचे साहित्य : वायुप्रकल्पविरोधी जनआंदोलनांतील तीन कृतींची चिकित्सा (धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात)

प्रस्तावना :

जनआंदोलनांचे साहित्य म्हटले की मराठी समीक्षेच्या डोळ्यांपुढे प्रामुख्याने कविता, शाहिरी, पथनाट्य, आत्मकथन आणि कादंबरी हे प्रकार येतात. आंदोलनाच्या धामधुमीत तयार होणारे माहितीपट, चौकशी अहवाल किंवा करारांची छाननी करणारी पुस्तके यांची गणना मात्र साहित्यात न होता 'माहिती'त होते, आणि माहितीची समीक्षा करण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. वस्तुतः न्यायालय, विधिमंडळ, वृत्तपत्रे आणि सुशिक्षित वर्ग यांच्यापुढे आंदोलनाची बाजू याच कृती मांडत असतात. त्यांतील निवेदन कोणाचे आहे, कोणता अनुभव मध्यभागी आणला आहे, कोणता कडेला सारला आहे आणि वाचकाला पटवण्यासाठी कशाचा आधार घेतला आहे, हे प्रश्न कोणत्याही कादंबरीइतकेच या कृतींनाही लागू पडतात.

प्रस्तुत लेखात नैसर्गिक वायूशी संबंधित प्रकल्पांविरुद्धच्या लोकलढ्यांतून आलेल्या तीन कृतींचा विचार केला आहे. पहिली कृती म्हणजे अमेरिकेतील फ्रॅकिंगविषयीचा जॉश फॉक्स यांचा 'गॅसलँड' (२०१०) हा माहितीपट. उर्वरित दोन कृती महाराष्ट्रातील दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाविषयी आहेत : अभय मेहता यांचे 'पॉवर प्ले' (२०००) हे पुस्तक आणि ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेचा जानेवारी १९९९ मधील अहवाल. दाभोळ येथे वायू भूगर्भातून काढला जाणार नव्हता, तर द्रवरूपात आयात करून त्यावर वीज निर्माण केली जाणार होती. हा फरक ध्यानात ठेवूनही वायूच्या अर्थकारणाविरुद्ध महाराष्ट्रातील खेड्यांनी दिलेला सर्वांत परिचित लढा म्हणून त्याची निवड केली आहे.

या तिन्ही कृतींचे वाचन धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या भूमीवरून केले आहे. या जिल्ह्यात फ्रॅकिंगचा प्रकल्प नाही. तथापि खडकाच्या भेगांतील पाण्यावर जगणाऱ्या आणि भूगर्भातील उलथापालथीचा दारुण अनुभव घेतलेल्या या जिल्ह्याला पुराव्याचा प्रश्न परका नाही. आंदोलनाचे साहित्य घटना घडल्यानंतर लिहिले जाते, परंतु त्याला लागणारा पुरावा घटनेपूर्वीचा असावा लागतो, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

फ्रॅकिंग आणि त्याच्या विरोधाची पार्श्वभूमी :

शेल या गाळाच्या खडकात अडकलेला वायू साध्या विहिरीने वर येत नाही. त्यासाठी एक ते तीन किलोमीटर खोल विहीर घेऊन ती आडवी वळवली जाते आणि पाणी, वाळू व रसायने यांचे मिश्रण प्रचंड दाबाने सोडून खडकाला भेगा पाडल्या जातात. वाळूचे कण त्या भेगा उघड्या ठेवतात आणि वायू मोकळा होतो. या क्रियेला पेनसिल्व्हेनियातील मार्सेलस शेलमध्ये एका विहिरीमागे साधारण दीड ते दोन कोटी लिटर पाणी लागते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरसाठी मिरजेहून सुरू झालेली 'जलदूत' रेल्वे पन्नास वाघिणींतून एका खेपेस सुमारे २५ लाख लिटर पाणी आणीत असे. त्या हिशेबाने वायूची एक विहीर सहा ते आठ जलदूत गाड्यांचे पाणी घेते. परत वर येणाऱ्या खारट व दूषित पाण्याची विल्हेवाट हा याहून बिकट प्रश्न होय. असे पाणी पुन्हा खोल जमिनीत सोडल्याने भूकंप होतात, हे ओक्लाहोमा राज्याच्या अनुभवातून पुढे आले.

विरोधाला काही ठिकाणी निर्णायक यश मिळाले. फ्रान्सने २०११ मध्ये या तंत्रावर बंदी घातली. न्यूयॉर्क राज्यातील ड्रायडेन या छोट्या गावाने जमीनवापराच्या नियमांद्वारे वायूचे खोदकाम नाकारले आणि जून २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गावाचा तो अधिकार मान्य केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात राज्य शासनाने संपूर्ण राज्यात फ्रॅकिंगला मनाई जाहीर केली. इंग्लंडमध्ये लँकशायरमधील विहिरीजवळ बसलेल्या भूकंपाच्या धक्क्यांनंतर नोव्हेंबर २०१९ मध्ये स्थगिती आली. भारतात केंद्र शासनाने २०१३ मध्ये शेल वायूच्या शोधाचे धोरण आखले. तमिळनाडूतील कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात शेतकऱ्यांनी प्रथम कोळशाच्या थरांतील मिथेनविरुद्ध आणि २०१७ मध्ये नेडुवासल येथे हायड्रोकार्बन प्रकल्पाविरुद्ध लढा दिला. त्याची परिणती २०२० मध्ये त्या प्रदेशास संरक्षित विशेष कृषी क्षेत्र ठरवणाऱ्या कायद्यात झाली.

'गॅसलँड' : प्रतिमेचे सामर्थ्य आणि मर्यादा

'गॅसलँड'चा प्रारंभ एका पत्राने होतो. पेनसिल्व्हेनियातील आपल्या कुटुंबाच्या जमिनीखालील वायूचे हक्क भाडेपट्ट्याने दिल्यास जवळपास एक लाख डॉलर मिळतील, असा देकार दिग्दर्शकाला येतो. सही करण्यापूर्वी इतरांचे काय झाले हे पाहण्यासाठी तो प्रवासाला निघतो. या रचनेमुळे चित्रपटाला शोधकथेचे रूप प्राप्त झाले आहे. निवेदक तज्ज्ञ नाही. तो प्रश्न घेऊन दारोदार फिरणारा शेजारी आहे. लोक त्याला स्वयंपाकघरात बसवतात, बरणीत भरून ठेवलेले गढूळ पाणी दाखवतात, जनावरांच्या आजाराविषयी सांगतात. ही घरे एकमेकांपासून शेकडो मैल दूर आहेत, तरी त्यांची हकिगत एकच आहे, हे प्रेक्षकाच्या मनावर हळूहळू ठसत जाते. चित्रपटाचे खरे बळ या संथ संचयात आहे.

त्याची कीर्ती मात्र दुसऱ्याच दृश्यावर उभी राहिली. कोलोरॅडोतील एका घरात नळाच्या धारेजवळ काडी धरताच पाणी पेट घेते. पाणी जळते, ही प्रतिमा निसर्गक्रमालाच उलटे करणारी असल्याने जगभर पोहोचली. तिनेच विरोधकांच्या हाती कोलीतही दिले. कोलोरॅडोच्या तेल व वायू नियामक आयोगाने चित्रपटात आलेल्या विहिरींपैकी काहींतील मिथेन जैविक, म्हणजे उथळ थरांत नैसर्गिकरीत्या तयार झालेला असल्याचे म्हटले. एका विहिरीत मात्र नैसर्गिक आणि खोल थरांतील अशा दोन्ही वायूंचे मिश्रण आढळले. एका ज्वालेच्या उगमाविषयी शंका निर्माण होताच साऱ्या चित्रपटालाच खोटे ठरवण्याची मोहीम सुरू झाली.

याउलट पेनसिल्व्हेनियातील डिमॉक गावाची कथा दृश्यदृष्ट्या कमी नाट्यपूर्ण असूनही अधिक टिकाऊ ठरली. तेथील घरगुती विहिरींत वायू शिरण्यास कंपनीच्या विहिरी जबाबदार असल्याचा निष्कर्ष राज्याच्या पर्यावरण विभागाने २००९ मध्ये काढला होता. पुढे २०२२ मध्ये कंपनीने न्यायालयात आरोपांना आव्हान न देण्याची भूमिका घेतली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या डिसेंबर २०१६ मधील अंतिम अहवालानेही विशिष्ट परिस्थितीत या उद्योगाचा पिण्याच्या पाण्यावर परिणाम होऊ शकतो, असे मान्य केले. मात्र आधारभूत माहितीच्या अभावी राष्ट्रीय पातळीवर त्याचे प्रमाण सांगता येत नाही, अशी कबुलीही दिली.

येथे चित्रपटाच्या मर्यादेचे मूळ सापडते. जळणाऱ्या नळाविषयीचा वाद सचोटीचा असण्यापेक्षा पूर्वनोंदीच्या अभावाचा होता. खोदकामापूर्वी त्या पाण्यात किती वायू होता, हे सांगणारा कागद जवळ असता तर वाद तेथेच मिटला असता. पेनसिल्व्हेनियाच्या २०१२ च्या कायद्याने हीच गोष्ट ओळखली. वायूच्या विहिरीपासून २५०० फुटांच्या आत, आणि काम पूर्ण झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत, पाणी दूषित झाल्यास कंपनी जबाबदार आहे असे त्या कायद्याने गृहीत धरले. हे गृहीतक खोडून काढायचे असेल तर कंपनीजवळ खोदकामापूर्वीची पाणीतपासणी असणे हा त्याचा एक मार्ग ठरला. अशा रीतीने पूर्वनोंद ठेवणे कंपनीच्याच हिताचे झाले. 'गॅसलँड' लोकांचे दुःख ऐकतो. ते दुःख कोणत्या नोंदीवर उभे राहील, हा प्रश्न मात्र तो पुरेसा विचारीत नाही.

'पॉवर प्ले' : कराराची चिकित्सा आणि ग्राहकाचे मध्यवर्ती स्थान

महाराष्ट्र शासन आणि एन्रॉन यांच्यातील सामंजस्य करार जून १९९२ मध्ये, तर वीजखरेदी करार डिसेंबर १९९३ मध्ये झाला. ऑगस्ट १९९५ मध्ये नव्या शासनाने प्रकल्प रद्द केला आणि अल्पावधीतच फेरवाटाघाटी करून त्याचे पुनरुज्जीवन केले. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. महागड्या विजेमुळे मे २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने खरेदी थांबवली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात एन्रॉनची मूळ कंपनी दिवाळखोरीत निघाली.

अभय मेहता यांचे पुस्तक या कोसळण्यापूर्वी प्रसिद्ध झाले, ही त्याची पहिली जमेची बाजू होय. घटनेनंतरचे शहाणपण त्यात नाही. डॉलरशी निगडित दर, वीज घेतली वा न घेतली तरी द्यावा लागणारा स्थिर आकार, राज्याची हमी व केंद्राची प्रतिहमी या तरतुदींचे परिणाम लेखकाने कागदपत्रांच्या आधारे उलगडून दाखवले. पुण्यातील 'प्रयास' या संस्थेने १९९० च्या दशकात केलेल्या विश्लेषणाशी या मांडणीचे नाते आहे. दोहोंनी कराराची भाषा सामान्य वाचकाच्या आवाक्यात आणली. गुप्ततेच्या आवरणाखालील दस्तऐवज लोकांनी वाचणे हीच एक राजकीय कृती असते, हे या लेखनाने सिद्ध केले. २००१ मध्ये माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीनेही प्रकल्पाच्या निर्णयप्रक्रियेवर कठोर टीका केली.

या यशाची एक किंमतही होती. करार हा चिकित्सेचा मध्यबिंदू झाला, तेव्हा प्रकल्पाचा बळी म्हणून पुढे आला तो विजेचा ग्राहक आणि राज्याची तिजोरी. गुहागर तालुक्यातील वेलदूर, अंजनवेल, रानवी या गावांचे जमीन, गोडे पाणी आणि खाडीतील मासळी यांविषयीचे आक्षेप विजेच्या दराच्या हिशेबात मावणारे नव्हते. वीज स्वस्त असती तर हे आक्षेप निराधार ठरले असते काय, हा प्रश्न या चिकित्सेच्या चौकटीत अनुत्तरित राहतो. प्रकल्प बंद पडला तो दर न परवडल्यामुळे. गावांचे म्हणणे मान्य झाले म्हणून नव्हे. पुढे २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या कंपनीच्या रूपाने तो पुन्हा उभा करण्यात आला, तेव्हाही चर्चा वायूच्या उपलब्धतेची आणि दराचीच होती.

साक्षीचा अहवाल : वेलदूरचा आवाज

ह्यूमन राइट्स वॉचचा अहवाल ही उणीव काही अंशी भरून काढतो. आंदोलकांवरील प्रतिबंधात्मक अटका, जमावबंदीचे आदेश, बंदोबस्तावरील पोलिसांचा खर्च कंपनीने उचलणे आणि ३ जून १९९७ च्या पहाटे वेलदूर या कोळ्यांच्या वस्तीत पोलिसांनी घातलेला छापा, यांची नोंद त्यात तारीखवार आहे. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलनेही जुलै १९९७ मध्ये या दडपशाहीची दखल घेतली होती. या अहवालात मच्छीमार स्त्रियांचे कथन त्यांच्या शब्दांना धरून येते. पुरुष समुद्रावर गेलेले असताना आंदोलनाचा भार वाहणाऱ्या स्त्रिया कराराच्या चिकित्सेत जवळजवळ अदृश्य होत्या. येथे त्या साक्षीदार म्हणून उभ्या राहतात.

साक्षीच्या या गद्याचे वैशिष्ट्य त्याच्या संयमात आहे. विशेषणे अत्यल्प आहेत. वेळ, ठिकाण आणि कृती यांचा क्रम तेवढा दिला आहे. त्यामुळे वाचकाचा संताप लेखकाने चेतवलेला वाटत नाही. तथापि अहवालाचा विषय विरोधकांच्या नागरी हक्कांची पायमल्ली हा आहे. त्या विरोधामागील पाण्याचा आणि मासळीचा प्रश्न त्यात पार्श्वभूमीपुरता उरतो. लाठीची जखम वैद्यकीय दाखल्याने दाखवता येते, करारातील कलम बोट ठेवून दाखवता येते, परंतु उद्या नाहीशी होणारी मासळी आज दाखवता येत नाही. भविष्याविषयीची रास्त भीती पुराव्यात कशी रूपांतरित करावी, हा प्रश्न तिन्ही कृतींपुढे उभा असून तिन्ही कृती त्याला वळसा घालून पुढे जातात.

धाराशिवच्या भूमीवरून :

धाराशिव जिल्हा लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या बेसॉल्ट खडकावर वसलेला आहे. या खडकाला स्वतःची पाणी धरण्याची शक्ती कमी; जे काही पाणी साठते ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत. शेल वायू गाळाच्या खडकात सापडत असल्याने आणि शासनाने त्यासाठी विचारात घेतलेली खोरी खंबायत, कृष्णा-गोदावरी, कावेरी, दामोदर अशी अन्यत्र असल्याने येथील शेतकऱ्यावर ते संकट नाही. परंतु खडकाच्या भेगा दाबाने मोकळ्या करण्याचे तंत्र जिल्ह्याला अनोळखी नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा टंचाईच्या काळात विंधनविहिरींसाठी हेच तत्त्व वापरते आणि त्याला 'जलभंजन' असे नाव आहे. विहिरीत ठरावीक खोलीवर रबरी अडसर बसवून दाबाने पाणी सोडले जाते, बुजलेल्या भेगा मोकळ्या होतात आणि हातपंपाला पाणी वाढते. येथे रसायने नसतात, खोली थोडी असते, पाणी काही हजार लिटर लागते आणि दूषित पाण्याचा निचरा करण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

या तुलनेतून एक बाब स्पष्ट होते. तंत्रामागील तत्त्व एकच असले तरी एका ठिकाणी ते तहानलेल्या वस्तीसाठी भेग उघडते आणि दुसऱ्या ठिकाणी वस्तीचे पाणी खर्ची घालून दूरच्या बाजारासाठी. म्हणून चिकित्सेचा प्रश्न 'फ्रॅकिंग चांगले की वाईट' एवढाच राहू शकत नाही. पाणी कोणाचे, नोंद कोणाजवळ आणि निर्णय कोणाचा, हे तीन प्रश्न त्याच्या पोटात आहेत.

निर्णयाच्या बाबतीत 'गॅसलँड'चा आरंभ येथील वाचकाला चकवणारा आहे. अमेरिकेत भूगर्भातील वायू बहुधा जमीनमालकाच्या मालकीचा असतो, म्हणून त्याला देकाराचे पत्र येते. भारतात खनिज तेल व वायू यांचे नियमन केंद्राच्या अखत्यारीत आहे आणि २०२५ मधील कायदेदुरुस्तीने 'खनिज तेल' या संज्ञेत शेल वायूचाही समावेश केला. येथील शेतकऱ्याला नकार देण्याजोगे पत्र येणार नाही. आली तर भूसंपादनाची नोटीस येईल. नियमगिरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ग्रामसभांचा कौल निर्णायक मानला, पण त्याला वनहक्क कायद्याचा आणि आदिवासींच्या हक्कांचा आधार होता. धाराशिव अनुसूचित क्षेत्रात मोडत नाही. ड्रायडेन गावाला जो अधिकार मिळाला, तो भूम-परंड्याच्या ग्रामपंचायतीला आज नाही.

नोंदीच्या बाबतीत जिल्ह्याचा अनुभव अधिक बोलका आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात किल्लारीबरोबर धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर व परिसरातील गावे उद्ध्वस्त झाली आणि दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे दगावली. त्यापूर्वी, ऑक्टोबर १९९२ पासून, किल्लारी परिसरात धक्के जाणवत होते. परंतु हा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने सर्वाधिक सुरक्षित मानल्या गेलेल्या क्षेत्रात मोडत असल्याने तेथे यंत्रांचे जाळे विरळ होते. माकणी येथील निम्न तेरणा जलाशयाचा या भूकंपाशी संबंध असावा काय, यावर पुढे संशोधकांत चर्चा झाली. एकमत झाले नाही. लोकांनी धक्के अनुभवले होते, एकमेकांना सांगितलेही होते. पण त्या अनुभवाची तारीखवार नोंद गावाजवळ नव्हती. डिमॉक, वेलदूर आणि सास्तूर या तीन दूरस्थ गावांना जोडणारा धागा हाच आहे : ज्याला प्रथम जाणवते, त्याच्याजवळ लेखी पुरावा नसतो.

आज जिल्ह्यात विंधनविहिरी शेकडो फूट खोल चालल्या आहेत. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा साठ मीटरहून अधिक खोल विहिरींवर निर्बंध घालतो. परंतु कोणत्या शिवारात किती विहिरी, किती खोल आणि कोणत्या साली कोरड्या पडल्या, याची गावनिहाय लोकांनी ठेवलेली वही क्वचितच आढळते. शासनाच्या निरीक्षण विहिरींची नोंद असते. ती मोलाची असली तरी प्रत्येक वस्तीची हकिगत सांगू शकत नाही. उद्या पवनचक्की, महामार्ग, औद्योगिक वसाहत वा अन्य कोणताही प्रकल्प येवो, 'पाणी पूर्वी किती होते' या प्रश्नाला गाव आठवणीने उत्तर देईल आणि समोरचा पक्ष कागद मागेल.

समारोप :

तिन्ही कृतींनी आंदोलनाच्या साहित्याला भिन्न प्रकारे समृद्ध केले आहे. 'गॅसलँड'ने विखुरलेल्या घरांचे दुःख एका कथेत गुंफले, 'पॉवर प्ले'ने गुप्त कराराला सार्वजनिक वाचनाचा विषय केले आणि मानवी हक्कांच्या अहवालाने दडपलेल्या स्त्रियांना साक्षीदाराची प्रतिष्ठा दिली. प्रतिमा वादात सापडली, करारात ग्राहक मोठा होऊन गाव लहान झाले आणि साक्षीत लाठी दिसली तरी पाणी मागे राहिले, या त्यांच्या मर्यादा होत. त्या केवळ कृतिकारांच्या नाहीत. ज्या सामग्रीतून त्यांनी रचना केली, तिच्यातच पूर्वनोंदीची पोकळी होती.

ही पोकळी भरून काढणे हे आंदोलनाचे काम आहे, तसेच ते महाविद्यालयांचेही आहे. भूगोल, रसायनशास्त्र, अर्थशास्त्र आणि मराठी या विभागांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून एकेका गावाच्या विहिरींची पातळी, पाण्याची चव व क्षार, टँकरच्या खेपा आणि वृद्धांच्या आठवणी यांची दरवर्षी तारीखवार वही ठेवली, तर तिला आज कोणी साहित्य म्हणणार नाही. परंतु संकटाच्या दिवशी गावाच्या बाजूने बोलणारा तो पहिला विश्वासार्ह ग्रंथ ठरेल. आंदोलनाच्या साहित्याची समीक्षा करणाऱ्यांनी त्याच्या भाषेइतकेच त्याच्या नोंदीकडे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे. कारण भेग खडकात पडो वा जनजीवनात, तिच्या आधीची अवस्था ज्याने लिहून ठेवली त्याचाच शब्द अखेर टिकतो.